टिंबाच्या उजवीकडे

मोजणी झाली तेव्हा नीलकंठ रायरीकर पॉइंट बेचाळीस भरला आणि त्याची बायको शर्वरी पॉइंट अडतीस. दोघं मिळूनसुद्धा त्या घरात एक धड माणूस नव्हतं. मोजणी खात्याच्या खरातबाईंनी फीत गुंडाळून पिशवीत टाकली, दोन्ही आकडे दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिले आणि प्यायला पाणी मागितलं. शर्वरीनं पेला आणला. तिच्या हातात होता तोवर पेला अर्ध्याच्या खालीच दिसत होता. खरातबाईंच्या हातात गेल्यावर तो काठोकाठ भरलेला निघाला.

"वाईट वाटून घेऊ नका," खरातबाई म्हणाल्या. "ह्या आळीत पुरता असा कोणीच सापडला नाही. मी स्वतः पॉइंट सहासष्ट आहे."

"मग आता पुढे काय?" नीलकंठनं विचारलं.

"पूर्णांक. तुमचा वार गुरुवार. सुयोग मंगल कार्यालयात यायचं. घरून खाऊन यायची गरज नाही, तिथे पोहे असतात. अर्ध्याच्या वर असेल त्याला पुरा एक करून घरी पाठवतात."

"आणि अर्ध्याच्या खाली असेल तो?"

"त्याला घरी पाठवत नाहीत."

पेला परत देऊन त्या शेजारच्या दाराशी गेल्या.

गावानं पूर्णांकात यायचं ठरवलं तेव्हा कोणीही कुरकूर केली नव्हती. उलट लोकांना सुटल्यासारखंच झालं होतं. आधी घड्याळांचे मिनिटकाटे काढले. साडेदहा, पावणेपाच, सव्वासात असलं काही उरलं नाही. दहा वाजले की पुढे एकदम अकरा, आणि मधल्या वेळात लोक असतील तिथे थांबून राहायचे. कोणी जिन्यावर, कोणी दात घासताना. मग दीड लिटर दूध गेलं, पाऊण किलो वांगी गेली, लिंबं चिरणं बंद झालं. सत्यनारायणाचा सव्वाच्या मापाचा शिरा एकाच्या मापाचा झाला आणि तो कोणालाच पुरेना. देवाची काही हरकत नाही, असं गुरुजींनी सांगितल्यावर त्याचंही कोणाला काही वाटलं नाही.

शर्वरी घड्याळं दुरुस्त करायची. तिच्या वडिलांचं कराडला घड्याळांचं दुकान होतं आणि लग्न होऊन येताना तिनं दागिन्यांपेक्षा त्यांची हत्यारंच जास्त जपून आणली होती. मिनिटकाटे काढायला तिच्याकडे रांग लागली. काढलेले काटे ती लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत टाकायची. दुपारी घर शांत झालं की त्या बरणीतून कुजबुज ऐकू यायची. सगळे काटे आपापली वेळ सांगत असायचे आणि कोणाचीच कोणाशी जुळत नसायची.

त्यांचं घर अडीच खोल्यांचं होतं. त्यातली अर्धी खोली शर्वरीची. तिथे तिचं टेबल, तिचं भिंग, ती बरणी. एका सकाळी त्या खोलीच्या जागी भिंत होती. नवी नव्हे, बाकीच्या भिंतींसारखीच जुनी, पोपडे आलेली, मध्यावर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा खिळा. नीलकंठ दाढी करता करता भिंतीकडे बघत राहिला. शर्वरीनं भिंतीला कान लावला.

"चालू आहेत," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

नीलकंठनं तेव्हा तिला जवळ घ्यायला हवं होतं. निदान विचारायला तरी हवं होतं, की बाई गं, तुझी खोली गेली, तुला काय वाटतंय. पण घड्याळाचा एकुलता एक काटा नवावर आला होता आणि तो ऑफिसला निघून गेला.

आता हे पूर्णांकाचं सगळं गाडं ज्या प्रोग्रामवर चालत होतं तो ह्याच नीलकंठनं लिहिला होता. लिहिला तेव्हा त्याचा माणसांशी काडीचा संबंध नव्हता. तो होता एका दूध संघासाठी. कोणत्या घरातून सकाळी किती लिटर दूध आलं हे यंत्र टिंबासकट मोजायचं, पण कागदावर छापताना संघाला टिंबं नको होती. बघायला कटकट, वाचायला कटकट. म्हणून नीलकंठनं खरे आकडे आत ठेवले आणि छापण्यापुरते पूर्णांक दाखवले. पहिल्याच आठवड्यात संघाचे मुकादम कागद फडकवत आले.

"साहेब, ही धोंडेवाडी बघा. पहिल्या घरचं दूध शून्य. दुसऱ्या घरचं शून्य. आणि खाली बेरीज एक? शून्य आणि शून्य मिळून एक कुठल्या शाळेत होतं?"

"दोघांचं पॉइंट चार, पॉइंट चार आहे हो," नीलकंठनं समजावलं. "एकेकटं छापलं तर शून्य दिसतं. पण मिळून पॉइंट आठ होतात, आणि पॉइंट आठ म्हणजे जवळजवळ एकच."

"ते तुम्ही आम्हाला सांगाल. धोंडेवाडीला कोण सांगणार? कागदाची उभी बेरीज जुळली पाहिजे."

नीलकंठनं डोकं खाजवलं आणि एक ओळ वर सरकवली, बस्स. आधी बेरीज व्हायची आणि मग पूर्णांक. आता आधी प्रत्येकाचा पूर्णांक, मग बेरीज. शून्य आणि शून्य मिळून शून्य. कागद कसा शोभून दिसायला लागला. मुकादमांनी पेढे वाटले. ज्यांची म्हैस आटत आली होती आणि जे तांब्याच्या तळाशी चार घोट घेऊन यायचे, त्यांचं दूध त्या दिवसापासून जमेत धरलंच गेलं नाही. ते काही दिवस येत राहिले, मग यायचे थांबले. नीलकंठला हे कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

प्रोग्राम चांगला निघाला की त्याला सुट्टी नसते. दूध संघातून तो शाळांच्या हजेरीत गेला, तिथून एसटीच्या आगारात, तिथून घड्याळांत आणि घरांत, आणि शेवटी माणसांत. दर वेळी त्याच्या अंगावर नवे कपडे चढवले गेले, आत हाडं तीच राहिली. नीलकंठ ती ओळ साफ विसरून गेला होता.

आठवली ती सोमवारी. वरच्या मजल्यावर देवस्थळी बहिणी राहायच्या, सुलभाताई आणि अनघाताई, दोघीही शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा वार सोमवार होता. जिन्यात भेटल्या तेव्हा दोघींनी इस्त्रीच्या साड्या नेसल्या होत्या आणि दोघींचे पाय घोट्यापर्यंत दिसत नव्हते.

"नीलकंठ, तू त्यातला आहेस म्हणून विचारते," सुलभाताई म्हणाल्या. "मी पॉइंट पंचेचाळीस, हीपण पॉइंट पंचेचाळीस. म्हणजे एक तरी परत येईलच ना?"

"मांजराला दूध घालायला एक तरी हवी," अनघाताई म्हणाल्या. "कोणती का असेना."

"येईल की," नीलकंठ म्हणाला. "नव्वद म्हणजे जवळजवळ एकच."

त्याला ते मनापासून वाटलं होतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा इमारत तीन मजल्यांची होती ती दोन मजल्यांची झाली होती. नीलकंठच्या घरावरून जिना सरळ गच्चीत निघत होता. गच्चीवर दोन साड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्याखाली मांजर बसलं होतं.

नीलकंठ पायरीवरच बसला. शून्य आणि शून्य मिळून शून्य. त्या दोन म्हाताऱ्या मोजणीला एकेकट्या उभ्या राहिल्या असणार, एकेकट्या शून्य झाल्या असणार, आणि मग त्या दोन शून्यांची कोणीतरी अगदी बिनचूक बेरीज केली असणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तो जोगळेकर साहेबांकडे गेला.

"ती ओळ खाली घ्यायची आहे," तो म्हणाला. "बेरजेच्या खाली."

"कोणती ओळ?"

"मी दूध संघासाठी वर सरकवली होती ती."

जोगळेकरांनी किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि त्याला तळघरात नेलं. ओळ तिथेच होती. जमिनीलगत, लांबच लांब, लोखंडी तुळईसारखी आडवी, आणि तिच्यावर अख्ख्या इमारतीच्या भिंती टेकल्या होत्या. गंज चढला होता, तरी नीलकंठला ती वाचता आली. शेवटी त्यानं स्वतःसाठी एक शेराही लिहून ठेवला होता. 'तात्पुरतं. उरलेलं नंतर बघू.'

"हलली तर घे," साहेब म्हणाले.

नीलकंठनं खांदा लावला. पॉइंट बेचाळीसचा खांदा तो कितीसा जोर लावणार. तरी कुठेतरी वर कपबश्या किणकिणल्या आणि जिन्यातून कोणीतरी विचारलं, "काय चाललंय रे खाली?"

"वर माणसं बसली आहेत, नीलकंठ," जोगळेकर म्हणाले.

"साहेब, पण ही माझी ओळ आहे."

"होती. आता सगळ्यांनी तिच्यावर घरं बांधलीत. चल, चहा घेऊ."

चहा घेऊन तो घरी आला आणि त्यानं शर्वरीला सगळं सांगायला घेतलं. दूध संघ, मुकादम, धोंडेवाडी, पेढे, तळघर. शर्वरी भिंतीला टेकून बसली होती, तिची खोली होती तिथे. थोडं ऐकून ती म्हणाली, "मुद्द्याचं सांग."

टोमणा मारायचा म्हणून नव्हे. ते वाक्य त्या घरात इतकी वर्षं पडून होतं की कोणाच्याही हाताला लागायचं. पण ते आणलं होतं नीलकंठनंच. लग्न नवं होतं तेव्हा शर्वरी दिवसभराचं सगळं सांगायची. अमुक बाई घड्याळ घेऊन आली, तिच्या साडीचा रंग, तिला शिंक आली ती कशी, मग त्यावरून आठवलेली कराडची मावशी, मावशीचं कुत्रं. नीलकंठचं डोकं दमलेलं असायचं. "थोडक्यात सांग ना," तो म्हणायचा. "मुद्दा काय?" ती हसायची आणि मुद्दा सांगायची. पुढे पुढे हसायची नाही. त्याच्याही पुढे ती आधीच छाटून आणायला लागली, भाजी निवडून आणावी तशी. गेल्या कित्येक वर्षांत ती त्याच्याशी पूर्णांकातच बोलत होती. दिवे गेले. गॅस आला. बाबा वारले.

माणूस पॉइंट अडतीसवर एका दिवसात येत नाही.

"मुद्दा असा," नीलकंठ म्हणाला, "की तू शून्य होणार आणि मीही शून्य होणार. आणि ते माझ्यामुळे."

शर्वरीनं पदराचा दोरा ओढला, तो लांब निघत गेला.

"मोजणीच्या यादीत एका ओळीत एकच माणूस बसतं का?" तिनं विचारलं.

"एका ओळीत एकच."

"पूजेला बसतो तेव्हा काय करतो आपण?"

"काय करतो?"

"पळी तुझ्या हातात असते. मी काहीच करत नाही. गुरुजी म्हणतात, वहिनी, हाताला हात लावा. मी तुझ्या हाताला बोटं टेकवते, आणि ते दोघांचं धरतात."

नीलकंठ तिच्याकडे बघत राहिला. मोजणीला दोघं एकदम उभे राहिले आणि हाताला हात असला तर फीत एकदाच फिरणार. यादीतली ओळ एकच. बेरीज आधीच झालेली असणार, त्याच्या त्या गंजक्या ओळीनं काही करायच्या आत. बेचाळीस आणि अडतीस, ऐंशी. ऐंशी म्हणजे जवळजवळ एकच. ह्या खेपेला खरंच.

"पण एकच परत येणार," शर्वरी म्हणाली.

"एकच."

"कोण?"

"बेरजेत तसं नसतं," नीलकंठ म्हणाला. "हे माझं, ते तुझं, असं काही राहत नाही. दोघं मिळून."

"इतकं जवळ आपण कधी होतो?" शर्वरी म्हणाली आणि पहिल्यांदाच थोडी हसली. नीलकंठला ते हसू फार आवडलं. ते त्याला आवडतं हे तो गेल्या कित्येक वर्षांत तिला म्हणाला नव्हता, आणि आताही त्याच्या तोंडून निघालं नाही.

गुरुवारी दोघं चालत निघाले. दहा वाजून गेल्यावर अकरापर्यंत रस्ता थांबलेला होता. भाजीवाली हातात तराजू धरून उभी, सायकलवाला एका पायावर टेकलेला. त्या थांबलेल्या गर्दीतून हे दोघं मात्र चालू शकत होते. अर्ध्याच्या खालच्यांना कोणी थांबवायच्या भानगडीत पडत नसे. शर्वरीनं लग्नातला शेला काढून पांघरला होता. तिच्या डाव्या बाजूनं ऊन आरपार जात होतं.

"शर्वरी," नीलकंठ म्हणाला, "मला सगळं सांग."

"काय सगळं?"

"मी ऐकलं नाही ते. मुद्दा सोडून जे जे होतं ते. मागे एकदा तू सांगत होतीस, कोणीतरी माणूस घड्याळ घेऊन आला होता, दुपारपुरतं उलटं चालणारं. मी मध्येच तोडलं तुला."

"हो. आला होता."

"मग?"

"घड्याळ दुरुस्त झालं."

"तसं नाही गं. पूर्ण सांग. तो कोण होता, उलटं का चालायचं, तुला काय वाटलं. आपल्याकडे वेळ आहे. अकरा वाजेपर्यंत काहीच होणार नाही."

शर्वरी आठवत चालली. तिच्या कपाळावर आठी पडली. एकदा तिनं तोंड उघडलं, हात उचलला, त्या माणसाची उंची दाखवावी तसा, आणि तो तसाच हवेत ठेवून ती थांबली.

"नाही रे," ती म्हणाली. "उरलं नाही. तू घेत नव्हतास, मग मी तरी किती दिवस सांभाळणार होते? टाकून दिलं."

"थोडंसुद्धा नाही?"

"त्याच्या बोटांना कसला तरी वास होता. कसला ते नाही सांगता येत."

नीलकंठला रडू आलं. भर रस्त्यात, थांबलेल्या माणसांच्या मध्ये उभं राहून तो रडला. एवढं सगळं त्याच्या दाराशी रोज येऊन बसत होतं, आणि त्यानं ते पायानं बाजूला सारलं होतं; वाईटपणानं नव्हे, दमलो म्हणून. जगातल्या दुसऱ्या कोणाकडेही ते नव्हतं. आता तिच्याकडेही नव्हतं. त्याला तिची माफी मागायची होती, नीट, एका वाक्यात नव्हे तर पहिल्यापासून, एकेक दिवस घेऊन. तेवढ्यात पुढे कुठेतरी अकराचा टोला पडला, भाजीवालीचा तराजू खाली आला, सायकल सुटली, आणि शर्वरी म्हणाली, "चल, उशीर होईल."

"घरी गेल्यावर बोलू," नीलकंठ म्हणाला.

"बरं," शर्वरी म्हणाली.

सुयोग मंगल कार्यालयात सनईची टेप लावलेली होती. खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. पोह्यांच्या प्रत्येक बशीत एक अख्खं लिंबू ठेवलेलं होतं, त्यामुळे पोहे कोणाला धड दिसत नव्हते. स्टेजवर जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात तिथे चौरंग होता आणि चौरंगाशेजारी खरातबाई. त्या आता पुऱ्या एक झाल्या होत्या. त्यांचे ओठ जरा वेगळे दिसत होते आणि मध्ये मध्ये त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात खाकरत होत्या.

माणसं चढत होती. काही उतरत होती. जी उतरत नव्हती त्यांची चप्पल एक मुलगी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवत होती.

"रायरीकर नीलकंठ," खरातबाईंनी पुकारलं.

दोघंही चढले. चौरंग दोघांना अपुरा होता, शर्वरीला त्याच्या पावलांवर पाऊल ठेवावं लागलं. तिनं त्याच्या उजव्या हाताला बोटं टेकवली. बोटं गार होती आणि त्यांना घड्याळाच्या तेलाचा वास होता. नीलकंठनं तो वास ओळखला आणि त्याला वाटलं, हे एवढं तरी तिला सांगावं.

"हे काय?" खरातबाई म्हणाल्या.

"हाताला हात आहे," शर्वरी म्हणाली. "एकच धरा."

खरातबाईंनी दोघांकडे पाहिलं, खाली खुर्च्यांत बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पोहे खात होते, त्यांनी नुसती मान हलवली. खरातबाईंनी फीत सोडली आणि दोघांभोवती मिळून एकदाच फिरवली.

"पॉइंट ऐंशी," त्या म्हणाल्या. "वर."

नीलकंठनं श्वास सोडला. जमलं होतं. आयुष्यात एकदा तरी त्यानं बेरीज आधी केली होती.

"कमी पडतंय ते आण गं," खरातबाईंनी मागे वळून सांगितलं. मुलगी एका वाटीत काहीतरी घेऊन आली, वर रुमाल झाकलेला.

"कोणाचं आहे?" नीलकंठनं विचारलं.

"सोमवारचं शिल्लक. नाव सांगा. एकाला एकच नाव."

दोघंही एकदमच बोलले. तो म्हणाला शर्वरी, ती म्हणाली नीलकंठ. आवाज एकमेकांवर पडले आणि खरातबाईंना काहीच नीट कळलं नाही. त्यांनी नुसतं आडनाव लिहिलं आणि रुमाल काढला.

मंगल कार्यालयाच्या पायऱ्या उतरून जे रस्त्यावर आलं ते पुरं एक माणूस होतं. त्याचं पाऊल जमिनीवर नीट पडत होतं, सावली डोक्यापर्यंत भरलेली होती. चपलांचा एक जोड पायात होता आणि एक हातात. भाजीवालीनं त्याला हाक मारून वांगी घ्यायला लावली; आधी कित्येक महिने तिला रायरीकरांपैकी कोणी दिसलंच नव्हतं. त्याला एकाएकी चिंचेचं सार खावंसं वाटलं. रायरीकरांच्या घरात चिंच कोणालाच आवडत नसे.

थोडं चालल्यावर ते एका बंद दुकानाच्या फळीवर बसलं आणि आत शोधायला लागलं. एवढ्याचसाठी तर सगळं केलं होतं. आता मध्ये दार नव्हतं, दमलेलं डोकं नव्हतं, मुद्दा नव्हता. जे बोलायचं राहिलं होतं ते आता बोलता येणार होतं, आणि ऐकणारं माणूस ह्याहून जवळ कुठे असणार. पण आत गेल्यावर नुसते ऐंशी सापडले, एकसारखे, शिवणीशिवायचे, आणि कडेला चिंचेचे वीस. ऐंशीकडे बघून त्यात बेचाळीस आणि अडतीस होते हे कोणालाच सांगता येत नाही. चाळीस-चाळीस असतील. सत्तर आणि दहाही असतील. माफी मागायची होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं, छातीत ते दगडासारखं बसलं होतं. कोणी कोणाची मागायची, तेवढं मात्र लागत नव्हतं. त्यानं उजव्या हातावर डाव्या हाताची बोटं टेकवून पाहिली. दोन्ही हात सारखेच गरम होते.

बाराचा टोला पडला तेव्हा ते उठलं आणि घरी गेलं. जिना चढलं. हातातल्या चपला त्यानं दाराशी जुळवून ठेवल्या, पायातल्या काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. किल्ली खिशात होती. त्यानं केस सारखे केले, घसा साफ केला, पहिलं वाक्य मनात नीट जुळवून घेतलं. मग त्यानं घंटी वाजवली आणि आतून कोणी दार उघडायला येतंय का, ते ऐकत उभं राहिलं.